जुना पीसी पुन्हा उभा करताना : स्विच सर्वांत शेवटी

माळ्यावरून काढलेला किंवा भंगारवाल्याकडून आणलेला जुना पीसी घरी आला की हात आधी प्लगकडे जातो. ‘चालतो का ते तरी बघू.’ हा मोह आवरा. वीस-पंचवीस वर्षं बंद असलेल्या यंत्रात जे वाचवण्यासारखं असतं, त्यातलं बरंचसं या पहिल्या काही सेकंदांत जातं. शॉर्ट झालेला टँटलम कपॅसिटर (वीज साठवणारा थेंबाएवढा भाग) पेट घेतो, गळलेल्या बॅटरीच्या क्षारातून करंट नको तिथे पोहोचतो, मागचा स्विच ११५ व्होल्टवर राहिलेला सप्लाय (मेन्सची वीज कमी व्होल्टची करून मदरबोर्डाला, म्हणजे पुढे नुसत्या ‘बोर्डा’ला, देणारा डबा) फुटतो. म्हणून क्रम असा ठेवा : आधी डोळ्यांनी तपासणी, मग सफाई, मग सप्लाय वेगळा तपासणं, मग बोर्ड चालू करणं, मग जुन्या डिस्कवरचा मजकूर वाचवणं आणि त्यानंतरच अपग्रेड.

कोणतं मशीन आणि कुठून

नवख्या माणसाने ३८६ किंवा ४८६ (पेंटियमच्या आधीचे प्रोसेसर) असलेल्या मशीनने सुरुवात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ती मशीन सुंदर आहेत, पण त्यांच्या बोर्डावर बहुधा गळणारी बॅटरी असते आणि दुरुस्तीला सोल्डरिंगचा हात बसलेला लागतो. पेंटियम एमएमएक्स (१९९७) ते पेंटियम ३ या काळातलं मशीन घ्या. त्यात साधा सीआर२०३२ बटण सेल असतो, मेमरी अजून सहज सापडते आणि आयएसए व पीसीआय असे कार्डं बसवायचे जुने-नवे दोन्ही स्लॉट मिळतात, त्यामुळे डॉस आणि विंडोज ९८ दोन्ही नीट चालतात. इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांचा संच, १९९८) बोर्ड मिळाला तर सोडू नका. झेनिथ, एचसीएल, विप्रो यांचे ब्रँडेड सेट दिसायला छान असतात, पण शिकण्यासाठी असेंबल केलेला पीसी बरा, कारण त्याचा प्रत्येक भाग बदलता येतो.

मुंबईत पूर्ण पीसी मिळायची जागा म्हणजे भंगार : कुर्ल्याचे गाळे, चोर बाजार, आणि बंद होणारी छोटी ऑफिसं, छापखाने, डीटीपीची दुकानं. लॅमिंग्टन रोडला पूर्ण जुना पीसी शोधत फिरू नका. तिथून हत्यारं, कपॅसिटर, केबल, अ‍ॅडॅप्टर आणा. भंगारवाल्याला आधीच सांगून ठेवा की प्रोसेसर काढू नको. जुन्या सिरॅमिक प्रोसेसरमध्ये सोनं असतं, म्हणून ते वेगळे काढून विकले जातात आणि बोर्ड रिकामा हाती येतो.

घेण्यापूर्वी झाकण उघडायला सांगा. बॅटरीभोवती हिरवट किंवा पांढरा थर आहे का, कपॅसिटरची डोकी फुगली आहेत का, कॅबिनेटच्या तळाला गंज किती आहे, हे पाहा. आतमध्ये एका ठरावीक उंचीपर्यंत वाळलेल्या गाळाची रेघ दिसली तर ते मशीन पाण्यात बुडलेलं आहे. २६ जुलै २००५च्या पावसात तळमजल्यावरची असंख्य मशीन अशी बुडाली. पाणी वाळतं, पण गाळातले क्षार चिपच्या पायांखाली राहतात आणि वर्षानुवर्षं तांबं खातात. असं मशीन फक्त कॅबिनेट आणि ड्राइव्ह बसवायच्या पट्ट्यांसाठी घ्या.

जमवायचं सामान

दोन नंबरचा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, बझर असलेला मल्टिमीटर, तापमान कमी-जास्त करता येणारा सोल्डरिंग आयर्न, ०.८ मिमीची ६०/४० सोल्डर तार, फ्लक्स, डिसोल्डरिंग विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल (पुढे नुसतं आयपीए), मऊ टूथब्रश, पांढरा खोडरबर, किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर, डिस्टिल्ड वॉटर, थर्मल पेस्ट, मनगटाला बांधायचा अँटिस्टॅटिक पट्टा. आयपीए प्रिन्सेस स्ट्रीटच्या रसायनांच्या दुकानांत मिळतं. शिवाय एक पोस्ट कार्ड घ्या : पीसीआय किंवा आयएसए स्लॉटमध्ये बसणारं, चालू होतानाच्या स्व-तपासणीत (पोस्ट) मशीन कुठे अडलं त्याचा दोन अंकी कोड दाखवणारं. स्वस्त असतं आणि तासन्‌तासांची डोकेफोड वाचवतं.

आणखी एक साधन घरीच बनवा : टीव्ही मेकॅनिक वापरतात तो सिरीज बल्ब. लोहार चाळीतून होल्डर, सॉकेट आणि १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब आणा. फेज वायर बल्बमधून नेऊन मग सॉकेटला जोडा. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो आणि करंट तिथेच अडतो. एलईडी बल्ब या कामाचा नाही. ही जोडणी २३० व्होल्टची आहे. वायरिंगचा सराव नसेल तर ओळखीच्या वायरमनकडून करून घ्या.

उघडणं आणि सफाई

एकही वायर काढण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा. रिबन केबलची लाल कड एक नंबरच्या पिनची असते. ती कोणत्या बाजूला होती ते फोटोत दिसलं पाहिजे. समोरच्या पॅनेलच्या बारीक वायरी (रीसेट, स्पीकर, टर्बो, दिवे) बोर्डावर कुठे होत्या याचा जवळून वेगळा फोटो हवा, कारण मॅन्युअल मिळेलच असं नाही.

धूळ गॅलरीत, तोंडाला मास्क लावून, ब्लोअरने काढा. पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोताने तो वेडावाकडा फिरून बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर बोर्डाजवळ नेऊ नका; त्याच्या नळीत स्थिर वीज साठते. सप्लायमध्ये झुरळांची घाण आणि पालीची अंडी हमखास सापडतात.

मेमरी आणि कार्डांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या हाताने घासा, कीस झटका, मग आयपीएने पुसा. आपल्या दमट, खाऱ्या हवेत संपर्काच्या जागी ऑक्साइडचा थर बसतो. ‘मेलेला’ म्हणून टाकून दिलेला बोर्ड अनेकदा एवढ्यानेच जागा होतो.

बॅटरी : इथे घाई नको

बोर्डावर निळी किंवा हिरवी, आडवी नळकांडी दिसली की ती ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी समजा. वरून चांगली दिसली तरी कापून काढा. ती आज गळली नसेल तर उद्या गळेल. गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड. ते अल्कली आहे, म्हणून उतारा आम्लाचा. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या ब्रशने हिरवा भाग घासा, फेस थांबेपर्यंत. लगेच डिस्टिल्ड वॉटरने धुवा, कारण राहिलेलं व्हिनेगरही तांबं खातं. शेवटी आयपीए. मग टेबलफॅनखाली किमान दोन दिवस सुकवा. पावसाळ्यात बोर्ड सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा.

सुकल्यावर भिंगाखाली पाहा. काळपट पडलेली रेघ सुईने खरवडा, उघडं तांबं सोल्डरने मढवा, आणि दोन्ही टोकांना मल्टिमीटरचा बझर लावा. वाजला नाही तर ३० गेजच्या बारीक वायरने पूल टाका. सर्वाधिक नुकसान बॅटरीजवळच्या कीबोर्ड कंट्रोलरच्या सॉकेटखाली आणि पहिल्या आयएसए स्लॉटखाली लपलेलं असतं. कापलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. कॅडमियम विषारी आहे. ती ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या.

नवी बॅटरी कशी लावायची? बोर्डावर बाहेरच्या बॅटरीसाठी चार पिना असतील तर सेलचा होल्डर वायरीने तिथे जोडा आणि बोर्डावरून दूर ठेवा. नळकांड्याच्या जागी सीआर२०३२ लावायचा असेल तर मध्ये डायोड हवाच, कारण बोर्ड त्या जागी चार्जिंग पाठवतो आणि सीआर२०३२ चार्ज करायचा सेल नाही. तो फुगतो, फुटूही शकतो. १एन५८१७सारखा शॉट्की डायोड घ्या, त्याची पट्टी असलेली बाजू बोर्डाच्या अधिक खुणेकडे. साधा १एन४१४८ लावला तर त्यात जास्त व्होल्टेज खर्ची पडतं आणि घड्याळ मागे पडायला लागतं.

सप्लाय

पहिली गोष्ट, मागचा लाल स्विच. तो २३०वर आहे याची खात्री करा. तो ११५वर ठेवून आपल्याकडची वीज दिली तर आतले मोठे कपॅसिटर आवाज करून जातात.

दुसरी, एटी प्रकारच्या (एटीएक्स हा त्यानंतरचा प्रकार) जुन्या कॅबिनेटमध्ये समोरच्या पॉवर स्विचपर्यंत थेट २३० व्होल्ट येतात. त्या चार जाड वायरींचे रंग आणि जागा लिहून ठेवल्याशिवाय त्या काढू नका. उलट्या लावल्या तर फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात. इन्सुलेशन कडक झालं असेल तर बदला.

तिसरी, अर्थिंग. जुन्या चाळींत आणि इमारतींत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. अशा वेळी सप्लायच्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज येतं आणि हात लावल्यावर झिणझिणतं. अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर हे काम करू नका.

सप्लायचा डबा नवख्याने उघडू नये. आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकतात.

आता तपासणी. सप्लाय बोर्डापासून पूर्ण वेगळा करा. या जुन्या सप्लायना ५ व्होल्टवर थोडा लोड लागतो, नाहीतर ते चालू होत नाहीत किंवा चुकीचं व्होल्टेज देतात. म्हणून एखादी टाकाऊ हार्ड डिस्क जोडा. सिरीज बल्बमधून वीज द्या. एटीएक्स असेल तर हिरवी वायर काळीला जोडली की तो चालू होतो. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, थांबा. बल्ब उघडझाप करत असेल तर तो करंट पुरेसा सोडत नाहीये. एवढ्यावरून सप्लाय वाईट ठरवू नका, सिरीज काढून थेट तपासा. लाल वायरवर ४.७५ ते ५.२५ आणि पिवळ्यावर ११.४ ते १२.६ व्होल्ट यायला हवेत.

एटी सप्लायचे बोर्डाला जाणारे दोन कनेक्टर, पी८ आणि पी९, सारखेच दिसतात. नियम एकच : दोन्हीच्या काळ्या वायरी मध्यभागी शेजारीशेजारी. उलटे लावले तर बोर्ड जातो.

जुना सप्लाय बाद झाला तर नवा एटीएक्स अ‍ॅडॅप्टरने लावता येतो, पण लेबल वाचून घ्या. नवे सप्लाय १२ व्होल्टवर जोरकस असतात आणि ५ व्होल्टवर कमी. जुने बोर्ड नेमके ५वर चालतात. ५ व्होल्टवर २० अँपिअरच्या वर दिसलं तर निर्धास्त राहा. नव्यांत उणे ५ व्होल्ट नसतो, पण तो मोजक्याच जुन्या आयएसए कार्डांना लागतो.

कपॅसिटर आणि पहिलं चालू करणं

साधारण १९९९नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या बोर्डांवर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कपॅसिटर भरपूर आहेत. डोकं फुगलेलं किंवा तळाशी तपकिरी डाग असेल तर बदला : मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ अंशांचे, लो ईएसआर (अंतर्गत रोध कमी असलेले). आणखी जुन्या बोर्डांवरचे पिवळे, थेंबासारखे टँटलम वेगळे वागतात. ते शॉर्ट होतात. बोर्डाच्या १२ व्होल्ट पिन आणि काळ्या पिनमधला रोध मोजा. शून्याच्या जवळ आला तर त्या ओळीतला एखादा टँटलम गेला आहे. १० मायक्रोफॅरड १६ व्होल्टच्या जागी २५ किंवा ३५ व्होल्टचा लावा. एक फरक पक्का ध्यानात ठेवा : इलेक्ट्रोलायटिकवरची पट्टी उणे बाजू दाखवते, टँटलमवरची अधिक.

आता बोर्ड लाकडी टेबलावर पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर नव्या थर्मल पेस्टसह, त्याचा पंखा, कमीत कमी मेमरी, डिस्प्ले कार्ड, स्पीकर. बाकी काही नाही. पंखा फिरतोय याकडे लक्ष द्या. पेंटियम ३ पंख्याशिवाय फार वेळ टिकत नाही.

एक छोटा बीप आणि चित्र आलं तर झालं. बायोस म्हणजे बोर्डावरच्या चिपमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्राम. अवॉर्ड बायोसवर एक लांब आणि दोन छोटे बीप म्हणजे डिस्प्ले कार्डाची तक्रार. एएमआय बायोसवर तीन बीप म्हणजे मेमरी, आठ म्हणजे डिस्प्लेची मेमरी. काहीच आवाज नाही आणि पोस्ट कार्डावर ०० किंवा एफएफ स्थिर असेल तर प्रोसेसर कामालाच लागलेला नाही : जंपर (सेटिंगसाठी पिनांवर बसणारी छोटी टोपी), व्होल्टेज, बायोस चिपचं सॉकेट तपासा. चिप हलक्या हाताने काढून पुन्हा बसवणं हा पहिला उपाय.

डिस्क : आधी प्रत, मग बूट

जुन्या हार्ड डिस्कवरून कुतूहलापोटी विंडोज चालू करू नका. बूट होताना विंडोज डिस्कवर लिहितं, आणि मरणाऱ्या डिस्कला तेवढा ताणही पुरतो. ती आयडीई-यूएसबी अ‍ॅडॅप्टरने (आयडीई म्हणजे जुन्या डिस्कचा जोड) लिनक्सच्या मशीनला जोडा आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रामने पूर्ण प्रतिमा, म्हणजे डिस्कची हुबेहूब प्रत, काढा. पहिली फेरी अडलेले भाग सोडून, दुसरी फक्त त्या भागांसाठी. एलबीए (सेक्टरना सलग क्रमांक देण्याची पद्धत) नसलेल्या फार जुन्या डिस्क या अ‍ॅडॅप्टरवर दिसत नाहीत. त्या थेट आयडीई पोर्ट असलेल्या पीसीला जोडा.

हा टप्पा मराठी माणसाने विशेष जपावा. गिरगाव-दादरच्या डीटीपीवाल्यांच्या मशीनवर दिवाळी अंकांची, स्मरणिकांची, कोणाच्या कवितांची पानं असू शकतात, आणि छापील प्रत कुठेच उरलेली नसते. ही अक्षरं युनिकोडमध्ये नाहीत. श्रीलिपी, आकृती यांसारख्या फाँटांच्या स्वतःच्या कोडमध्ये आहेत, त्यामुळे नुसती फाइल उचलली तर आजच्या मशीनवर अगम्य चिन्हं दिसतात. फाँटचं फोल्डर, पेजमेकरची फाइल आणि सॉफ्टवेअर, सगळं एकत्र राखा. प्रिंटर पोर्टवर लावलेलं छोटं डोंगल कचरा समजून टाकू नका. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडतच नाही. मशीन दुसऱ्याचं होतं, तेव्हा खासगी कागदपत्रं सापडली तर मूळ मालकाला विचारल्याशिवाय कोणालाही देऊ नका.

अपग्रेड

सर्वांत मोठा फायदा डिस्क बदलण्यात आहे. आयडीई-सीएफ अ‍ॅडॅप्टर आणि ४ किंवा ८ जीबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड घ्या. आवाज नाही, उष्णता नाही, आणि फाइली कार्ड रीडरने टाकता येतात. ‘इंडस्ट्रियल’ कार्ड मिळालं तर उत्तम, कारण ते स्वतःला कायमची डिस्क म्हणून ओळख देतं. मर्यादा लक्षात ठेवा : ४८६च्या काळातल्या अनेक बायोसना ५०४ एमबीच्या पुढे दिसत नाही, नंतरच्या काहींना ८.४ जीबीच्या, काहींना ३२ जीबीच्या पुढे. डॉस ६.२२ एका पार्टिशनमध्ये २ जीबीपर्यंतच जातं. ५०४ची अडचण असेल तर एक्सटी-आयडीई युनिव्हर्सल बायोस (मोठ्या डिस्क ओळखणारं जादा बायोस) चिपवर लिहून नेटवर्क कार्डाच्या बूट-रॉम सॉकेटमध्ये बसवतात. सगळं इन्स्टॉल होऊनही काळ्या पडद्यावर अडकलं तर बहुतेक वेळा कार्डावर बूट कोड नसतो किंवा पार्टिशन अ‍ॅक्टिव्ह केलेलं नसतं. बूट कोडसाठी ‘fdisk /mbr’ चालवा आणि पार्टिशन एफडिस्कच्या मेनूतून अ‍ॅक्टिव्ह करा.

फ्लॉपीऐवजी गोटेक (पेन ड्राइव्हला फ्लॉपी म्हणून दाखवणारा ड्राइव्ह) लावा, त्यात फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर. पीसीच्या पिळाच्या फ्लॉपी केबलवर शेवटच्या कनेक्टरला ए ड्राइव्ह म्हणून जंपर एस१वर हवा. दिवा सतत पेटलेला राहिला तर केबल उलटी आहे.

मेमरीत हाव धरू नका. ७२ पिनांच्या पट्ट्या पेंटियमला जोडीनेच लागतात, ४८६ला एकटी चालते. ३० पिनांच्या ४८६ला चार. पेंटियमच्या ४३०एफएक्स, व्हीएक्स, टीएक्स चिपसेटवर फक्त पहिल्या ६४ एमबीला कॅश (मधली वेगवान मेमरी) मिळते. त्यावर आणखी मेमरी घातली तर विंडोज ९८ उलट मंदावतं. ४४०बीएक्सवर २५६ एमबीची पट्टी १६ चिपांची घ्या. ८ चिपांची निम्मीच दिसते. विंडोज ९८ला ५१२ एमबीच्या वर नेऊ नका.

प्रोसेसर बदलताना आधी व्होल्टेजचा जंपर, मग चिप. साधा पेंटियम सुमारे ३.३ व्होल्टवर, तर एमएमएक्सचा गाभा २.८वर चालतो. ५ व्होल्टच्या ४८६ सॉकेटमध्ये डीएक्स४ थेट बसवला तर तो जळतो.

आवाजासाठी आयएसए साउंड ब्लास्टर : पोर्ट २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ ही कार्डाची सेटिंगं ठेवा, बहुतेक डॉस गेम हीच शोधतात. मॉनिटर जुना ४:३ एलसीडी घ्या, व्हीजीए सॉकेटसह. डॉसचा टेक्स्ट मोड ७२० बाय ४०० आणि ७० हर्ट्‌झवर असतो. स्वस्त एचडीएमआय कन्व्हर्टरना तो अनेकदा पेलत नाही. हे मशीन थेट इंटरनेटला जोडू नका. सुरक्षा अपडेट केव्हाच बंद झाल्या आहेत.

पिवळं पडलेलं कॅबिनेट पुन्हा उजळ हवं असेल तर ब्युटी पार्लरच्या सामानात मिळणारं ४० व्हॉल्यूम, म्हणजे १२ टक्क्यांचं पेरॉक्साइड क्रीम लावा, वर प्लास्टिकची फिल्म गुंडाळा आणि ऑक्टोबर किंवा एप्रिलच्या उन्हात ठेवा. दर तासाला क्रीम फिरवा, नाहीतर चट्टे पडतात. हातमोजे आणि चष्मा घाला. काही वर्षांनी पिवळेपणा परत येऊ शकतो, म्हणून आम्ही हे काम ऐच्छिकच मानतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर मशीन पूर्ण बंद ठेवू नका. आठवड्यातून एकदा तासभर चालवलं की आतल्या उबेने ओलावा जातो. प्लास्टिकचं कव्हर ओल धरून ठेवतं. सुती कापड घाला. कॅबिनेटमध्ये तळाशी, पंख्यापासून दूर, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परत निळे करा, पण तो तवा स्वयंपाकाला वापरू नका. खिडकी समुद्राच्या बाजूची असेल तर मशीन त्या भिंतीला लावू नका. आणि जंपरच्या जागा, डिस्कचं सेटिंग, कार्डांचे आयआरक्यू आणि कपॅसिटर बदलल्याची तारीख एका कागदावर लिहून तो झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. सेल संपला की बायोस सगळं विसरतं, तेव्हा तो कागद लागतो.